रिसर्चवाले आता पेशंटलाच मीटिंगला बोलवायलेत, जाऊ का?

मलप्रभेकाठची
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, गावाचं नाव लिहीत नाही कारण लगेच ओळखतील. मला अकरा वर्षं शुगर आहे. दोन वर्षांमागं उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, पाच महिने ड्रेसिंग चाललं, अंगठा कसाबसा वाचला. गेल्या आठवड्यात जिथं ड्रेसिंगला जायची तिथल्या एका मॅडमचा फोन आला. शुगरवाल्यांच्या पायाला जखमा होऊ नयेत म्हणून काय करता येईल यावर अभ्यास करणार आहेत, आणि तो सुरू व्हायच्या आधीच पाच-सहा पेशंटांना बसवून विचारणार की काय बघायचं, कसं बघायचं. म्हणजे माझ्यावर औषध करून बघणार नाहीत, मी त्यांच्याबरोबर टेबलाला बसणार.

घरात मतं दोन आहेत. आमचे हे म्हणतात जाऊ नको, सह्या घेतात आणि विसरतात. त्यांचंही खरं आहे, पंधराएक वर्षांमागं सासूबाईंना असंच कुठल्या तरी अभ्यासात घेतलेलं. दर महिन्याला येऊन रक्त काढून न्यायचे, कागदावर अंगठा घेतला, कागद कन्नडात, आमच्या घरात तेव्हा कन्नड वाचणारं कुणीच नाही. मग एक दिवस यायचे बंद झाले. त्यातून काय निघालं ते आजपर्यंत कळलं नाही आणि सासूबाई शेवटपर्यंत विचारायच्या, माझ्या रक्ताचं काय झालं गं म्हणून. आता त्या नाहीत.

तर विचारायचं असं की खरंच ऐकतात का हे लोक? मी सातवी शिकलेली, डॉक्टरांसमोर काय बोलणार? आणि एक दिवस गेला म्हणजे मजुरी बुडते, ती मागितली तर बरं दिसेल का?

वडगावचा_माग
जावा की वैनी. येताना कुंदा घेऊन या, आम्ही इथं वाट बघतो.

निवृत्त_गुरुजी
ताई, अवश्य जा. मी शाळेतून रिटायर झाल्यावर एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर चार वर्षं होतो, सामान्य माणसांचा प्रतिनिधी म्हणून, त्यामुळं थोडं सांगतो.

यात तीन वेगळ्या खुर्च्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. तुमच्या सासूबाईंची खुर्ची पहिली, अभ्यास त्यांच्यावर झाला. माझी दुसरी. औषधाच्या ट्रायलला परवानगी देणाऱ्या कमिटीत २०१९ च्या नियमांप्रमाणं कमीत कमी सात माणसं लागतात, त्यातली निम्मी तरी त्या संस्थेच्या बाहेरची, आणि डॉक्टर-वकिलांबरोबर एक साधा नागरिक असावाच लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तसंच आहे. पण आमच्याकडं कागद यायचा तो सगळं ठरल्यावर. प्रश्न ठरलेला, पद्धत ठरलेली, आम्ही फक्त बघायचं की कुणावर अन्याय होत नाही ना, कागदाची भाषा समजते ना. प्रश्नच चुकीचा आहे असं म्हणायची सोय नव्हती. तुम्हाला मिळतेय ती तिसरी खुर्ची, प्रश्न ठरवतानाची. ती मला चार वर्षांत एकदाही मिळाली नाही.

मजुरीचं म्हणाल तर निःसंकोच मागा. अभ्यासात भाग घेणाऱ्याचं येणं-जाणं आणि बुडालेली मजुरी भरून देता येते असं त्याच तत्त्वांत लिहिलंय. मग सल्ला द्यायला बोलावलेल्या माणसानं पदरमोड का करावी? आम्हा कमिटीवाल्यांनाही मानधन मिळायचं.

पिशवीतली_वही
मी सर्व्हेचं काम केलंय सहा वर्षं, घरोघर जाऊन फॉर्म भरायचे. ताईंच्या सासूबाईंचं वाचून पोटात कालवलं कारण मी त्या दुसऱ्या बाजूची. आम्हाला दिवसाला अमुक इतके फॉर्म करा म्हणून टार्गेट असायचं. बाई विचारायची, अगं याचं पुढं काय होणार? आम्ही सांगायचो वरती जाणार. वरती म्हणजे कुठं ते आम्हालाच माहीत नसायचं.

एका गावात पाण्याचा सर्व्हे होता, प्रश्न असा की "घरातील प्रमुख व्यक्ती पिण्याचे पाणी कोठून आणते". प्रमुख व्यक्ती म्हणून नवऱ्याचं नाव, आणि त्यानं जन्मात घागर उचललेली नाही. तो म्हणायचा नळाचं, मागं उभी बायको मान हलवायची की नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय, आम्ही झऱ्याचं आणतो. फॉर्ममध्ये गेलं नळ. फॉर्म छापायच्या आधी त्या गावातल्या दोन बायकांना दाखवला असता तर पाच मिनिटांत सुधारला असता. म्हणून जा ताई. तुम्ही तिथं बसलात तर पुढं आमच्यासारख्या पोरींना खोटे फॉर्म भरावे लागणार नाहीत.

डॉ_टिळकवाडी
थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नये. पेशंटचा अनुभव मोलाचा आहे हे मान्यच. पण संशोधनाची स्वतःची एक शिस्त असते, कुणाला गोळी आणि कुणाला नाही हे चिठ्ठीनं ठरवावं लागतं, किती माणसं घ्यायची याचं गणित असतं. तिथं मतदान घेऊन चालत नाही. दुसरं म्हणजे पाच माणसं बोलावली की त्यात पंचायतीतलं वजनदार माणूस येतं आणि सगळ्यांच्या वतीनं तेच बोलतं.

आपल्या बेळगाव जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. २००२ ते २००५ मध्ये इथल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास झाला, २००६ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. जगभर त्याचा दाखला देतात. त्यात पेशंटांची सल्लागार समिती होती असं माझ्या वाचनात नाही, तरी काम उत्तम झालं.

निपाणीची_लेक
डॉक्टरसाहेब, काम उत्तम झालं याबद्दल वाद नाही. पण ते का झालं बघा की. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, गोळीला फ्रिज लागत नाही, आणि घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईजवळ नर्सबाईच असते. म्हणून गोळी, म्हणून नर्सबाईच्या हातनं. हे ज्याला सुचलं त्यानं खेड्यातलं बाळंतपण बघितलेलं असणार. तिथं निम्मं ऐकणं आधीच झालेलं होतं.

आता जिथं ऐकलं नाही ते सांगते. माझी आई वखारीत तंबाखू चाळायची आणि घरी आल्यावर विड्या वळायची, हजारावर मजुरी. लहानपणी आमच्या घराला तंबाखूचाच वास. एकदा आरोग्याचा सर्व्हे आला, बाई चांगली होती, चहा पण घेतला. प्रश्न विचारला, तुम्ही तंबाखू खाता का? आई म्हणाली नाही. मिश्री? नाही. विडी ओढता? नाही. बाईनं तीन फुल्या मारल्या आणि उठली. आई दिवसाचे दहा तास तंबाखूच्या धुरळ्यात बसते हे त्या कागदात कुठंच आलं नाही, कारण तसा रकानाच नव्हता!! खोकला, मान, कंबर, डोळ्यांची आग, यातलं काही नाही. तोडणीला जाणाऱ्यांचं तर आणखी वेगळं, दव पडलेल्या हिरव्या पानाला दिवसभर हात लागला की निकोटिन कातडीतनं आत जातं, गरगरतं, उलट्या होतात. त्याला डॉक्टरी नाव आहे हे मला कॉलेजात कळलं, आमच्या गल्लीतल्या बायका त्याला नुसतं "तंबाखू लागली" म्हणायच्या. नाव त्यांच्याकडं आधीपासून होतं, विचारायला कुणी आलं नाही.

मलप्रभाताई, सातवीचं मनात आणू नका. माझ्या आईनं शाळा बघितलेली नाही, पण तो फॉर्म तिनं दहा मिनिटांत दुरुस्त केला असता.

कणकुंबीचा
निपाणीच्या ताईंनी बरोबर नस पकडली. आमच्याकडचं माकडतापाचं बघा. हा रोग पहिल्यांदा १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, गोचिडीतनं येतो (कन्नडवाले उण्णी म्हणतात). २०१५ ला गोव्यात सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ ला दोडामार्गात, आणि दोन्हीकडं जास्त करून काजूच्या बागेत जाणारी माणसं सापडली. आता आमच्या बाजूची किती माणसं काजूच्या सीझनला खाली गोव्यात उतरतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

माकड मरून पडलं की तिथं रोग आहे म्हणून समजायचं. मग कुठल्या ओढ्यापाशी माकड पडलंय हे सगळ्यात आधी कुणाला दिसणार? ऑफिसातल्या साहेबाला की काजू वेचणाऱ्याला? मेलेल्या माकडाचा वास आला की आमची माणसं ती वाट सोडतात. पण नोंद करून घ्यायला कुणी त्यांना वही दिलेली नाही. अंगाला लावायचं गोचिडीचं तेल वाटतात ते पण चांगलं आहे, पण घाम आला की किती वेळ टिकतंय, त्या हातानं भाकरी खायची की नाही, हे कुणीतरी बसून विचारायला पाहिजे की. माझं शिक्षण बारावी नापास, पण या विषयावर मी कुठल्याही मीटिंगमध्ये दोन तास बोलीन.

वडगावचा_माग
कणकुंबीकर, तुम्हाला आत्ताच बोलवायला पाहिजे. खरं सांगतोय, मस्करी नाही. आमच्या मागावाल्यांच्या कानांचं पण कुणीतरी बघा, खटखट ऐकून ऐकून बाबांना आता टीव्ही फुल आवाजात लागतो.

पुण्यात_अडकलेली
मूळची शहापूरची, सध्या पुण्यात याच क्षेत्रात नोकरी, म्हणून लांबण लावते, क्षमस्व.

हे फॅड नाही. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरला एड्सचे पेशंट एकत्र आले आणि त्यांनी लिहून दिलं की आम्हाला बळी म्हणू नका, आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला आत घ्या. पुढं त्या चळवळीनं औषधांच्या ट्रायल कशा करायच्या यावरच चर्चा करायला लावली. अपंगांच्या चळवळीची तर घोषणाच आहे, आमच्याविषयी आमच्याशिवाय नको. इंग्लंडमध्ये १९९६ पासून सरकारी पैशानं यासाठी एक वेगळी यंत्रणा चालली आणि २००४ मध्ये जेम्स लिंड अलायन्स सुरू झालं. तिथं पेशंट, घरचे काळजी घेणारे आणि डॉक्टर एकत्र बसून त्या आजारातले न सुटलेले दहा प्रश्न क्रमानं लावतात. (जेम्स लिंड म्हणजे १७४७ मध्ये आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन स्कर्व्हीवर प्रयोग केलेला जहाजावरचा डॉक्टर.)

याची गरज का पडली तर गुडघ्याच्या संधिवाताचं उदाहरण देतात. २००० साली लॅन्सेटमध्येच आलं होतं. संशोधन बहुतेक सगळं गोळ्यांवर, आणि पेशंटांना विचारलं तर त्यांना हवं होतं ऑपरेशनबद्दल, व्यायामाबद्दल, रोज कसं निभवायचं याबद्दल. माझी आजी पायरी चढताना कठड्याला धरून थांबायची तेव्हा तिलाही गोळी नको असायची, पायरी चढायची असायची.

आणि आपल्याकडं गडचिरोलीत बंग दाम्पत्यानं दवाखाना बांधायच्या आधी आदिवासींना विचारलं होतं. मोठ्या इमारतीची भीती वाटते म्हणाले, म्हणून झोपड्यांसारखा दवाखाना बांधला आणि नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. डॉक्टर टिळकवाडी, मतदानाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, पण सॅम्पल साइज, म्हणजे अभ्यासाला माणसं किती घ्यायची, हे कुणी पेशंटला विचारत नाही. बरं झालं म्हणजे काय झालं, एवढं तरी त्यांना विचारू या.

डॉ_टिळकवाडी
बरं झालं म्हणजे काय झालं, हा प्रश्न मला लागला. मी २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि शुगरचा पेशंट आला की आधी रिपोर्ट मागतो. तुमचं दिवसभरातलं कुठलं काम अडतंय असं पहिल्या वाक्यात मी कुणाला विचारलेलं नाही. वजनदार माणसाची काळजी मात्र अजून आहे. निवड कोण करतो ते विचारून घ्या.

घटप्रभा
माझं घर कन्नड, शाळा मराठी, म्हणून दोन्हीकडचं कळतं. वरती कन्नड कागदाचा विषय निघाला आणि यावर लगेच सीमाप्रश्न सुरू होईल म्हणून आधीच लिहिते. ज्या घरात मराठी वाचतात तिथं मराठी कागद पाहिजेच, त्यात दुमत नाही. पण आमच्या गोकाककडच्या अक्कांना कन्नड कागद दिला तरी तो कळत नाही, कारण ते ग्रांथिक कन्नड, इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेलं. माझ्या अज्जीला वाचून दाखवलं तर म्हणाली, हे देवळातल्या मंत्रासारखं आहे, नमस्कार करून सही करायची. दोन्ही भाषांच्या बायकांना एकत्र बसवून कागद लिहिला तर दोघींचं भलं होईल.

चंदगडी_भाऊ
आमच्याकडं उलटं, कागद मराठी पण पुण्या-मुंबईचा. "सहभागी व्यक्तीस यादृच्छिक पद्धतीने" वगैरे. यादृच्छिक म्हणजे काय ते आमच्या मास्तरांना पण सांगता आलं न्हाई.

निवृत्त_गुरुजी
घटप्रभाताईंना मनापासून दुजोरा. कमिटीत मी एकच काम धरून केलं, प्रत्येक कागद घरी आणून सौ.ना वाचायला द्यायचो. जिथं ती अडखळली तिथं खूण.

मलप्रभाताई, आणखी एक. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री म्हणून सरकारी वेबसाइट आहे, २००७ पासून. औषधांच्या ट्रायल तिथं नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे, इतरही बरेच अभ्यास नोंदवतात. त्यात शास्त्रीय नाव वेगळं आणि लोकांना कळेल असं नाव वेगळं द्यावं लागतं. तुमचा अभ्यास नोंदवणार का तेही विचारा, म्हणजे मध्येच गुंडाळला तर निदान माग काढता येईल.

मलप्रभेकाठची
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहिते. गेले होते. सगळ्यांनी धीर दिलात म्हणून गेले.

आम्ही चार बायका आणि दोन बाप्ये. निवड कशी केली ते डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं पहिल्यांदा विचारलं, तर ड्रेसिंगच्या रजिस्टरमधनं वेगवेगळ्या गावची, वेगवेगळ्या कामाची नावं काढलेली, त्यामुळं पंचायतवालं कुणी नव्हतं. पहिला अर्धा तास काही कळलं नाही, आउटकम आउटकम करत होते. मग माझ्या शेजारच्या अक्कांनी सरळ विचारलं, आउटकम म्हणजे काय, तर शेवटी काय मोजायचं ते, आणि तिथनं गाडी रुळावर आली.

त्यांचा बेत असा होता की निम्म्या लोकांना एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची चप्पल द्यायची, घरात-बाहेर दिवसभर घालायची, आणि वर्षानं मोजायचं कुणाला किती जखमा झाल्या. ऐकायला छान. मी विचारलं, रोप लावणीला काय करायचं? जून-जुलैत आम्ही दिवसभर गुडघाभर चिखलात असतो, चप्पल चिखलात रुतून राहते आणि पाय तेवढा वर येतो. माझी जखम तिथंच झालेली, खडा रुतलेला कळलाच नाही, पाय बधिर होता. मॅडम बघत राहिल्या. म्हणाल्या, आम्ही अभ्यास जूनमध्येच सुरू करणार होतो.

मग सगळ्यांनाच बोलायला जोर आला. स्वयंपाकघरात, देवासमोर चप्पल कोण घालणार? आणि हिंडलग्याकडच्या एका काकांनी जे सांगितलं ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ही मऊ चप्पल पहिल्यांदा कुष्ठरोग्यांसाठी निघालेली, आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ती त्यांच्याच पायात बघितलेली आहे. काका म्हणाले, माझ्या मुलीचं लग्न ठरायचंय, ती चप्पल घालून मी पाहुण्यांसमोर बसू? दवाखान्यातनं दिली म्हणून घेईन आणि कपाटात ठेवीन, तुम्ही विचारायला आलात की घालतो म्हणून सांगेन. खोलीत एकदम शांत झालं. त्यांनी ते लिहून घेतलं, मी वाकून बघितलं, खरंच लिहिलेलं.

शेवटी काय ठरलं ते सांगते. चप्पल साध्या दुकानातल्या चपलेसारखी दिसेल अशी करून घेणार. घरात घालायला वेगळी जोडी. लावणीचे दोन महिने वेगळे मोजणार, आणि त्या दिवसांत संध्याकाळी पाय धुवून आरशात तळवा बघायचा, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्यानं बघायचा, याची सवय लावून बघणार. आणि मी हट्टानं एक घालायला लावलं, जखम किती दिवसांत भरली एवढंच नको, किती दिवस कामाला जाता आलं नाही तेही मोजा. माझी जखम कागदावर पाच महिन्यांत भरली, शेतात उतरायला मला नऊ महिने लागले.

सगळं मान्य झालं नाही. शुगरच्या गोळ्या फुकट द्या म्हटलं तर पैसे नाहीत म्हणाले, मी थोडी नाराज आहे त्यावर. मजुरी आणि बसचं भाडं दिलं, मी मागायच्या आधीच.

सासूबाईंचं पण सांगितलं तिथं. सांगताना रडू आलं, पण सांगितलं. निकाल लागल्यावर गावात येऊन मराठीत आणि कन्नडात सांगायचं, असं आता बेतात लिहिलंय. चांगला लागो की वाईट.

पिशवीतली_वही
ताई, रक्ताचं काय झालं विचारणाऱ्या किती म्हाताऱ्या मी बघितल्यात. वाचून बरं वाटलं.

डॉ_टिळकवाडी
नऊ महिन्यांचं वाचून आज ओपीडीत तीन जणांना विचारलं, कामाला कधीपासून जायला लागलात. तिघांचीही उत्तरं केसपेपरवरच्या तारखेशी जुळली नाहीत. आणि लावणीचं म्हणाल तर मी बेळगावात जन्मलो, वाढलो, दरवर्षी बासमतीचा तांदूळ खातो, तरी मला सुचलं नसतं.

कणकुंबीचा
ताई, त्या मॅडमचा नंबर इथं टाकू नका, पण आमच्या माकडतापाचं त्यांच्या कानावर घाला तेवढं.

मलप्रभेकाठची
घालते की भाऊ, पुढच्याच मीटिंगला. आता तुमची सगळ्यांची मदत पाहिजे. संमतीचा कागद मराठीत करायचं काम मीटिंगमधल्या आम्हा दोघींवर आलंय आणि तोच चंदगडी भाऊंचा यादृच्छिक शब्द आडवा आलाय. कुणाला चप्पल मिळणार आणि कुणाला नाही हे डॉक्टर ठरवणार नाही, ओळखीवर नाही, हे खेड्यातल्या बाईला पटेल असं कसं लिहायचं?

चंदगडी_भाऊ
चिठ्ठ्या टाकून. भिशीला टाकतोय तसं.

घटप्रभा
कन्नडात पण चीटीच म्हणतात. दोन्ही कागदांत तोच शब्द ठेवा.

निपाणीची_लेक
आणि खाली हे पण लिहा, चिठ्ठीत चप्पल आली नाही तरी ड्रेसिंग आणि तपासणी तशीच चालू राहणार. बायकांना भीती तिचीच असते.

मलप्रभेकाठची
लिहून घेतलं. "तुम्हाला चप्पल मिळणार की नाही ते चिठ्ठी टाकून ठरेल. चिठ्ठी कुणीही बघून काढणार नाही. चिठ्ठीत काहीही आलं तरी तुमचं ड्रेसिंग बंद होणार नाही." आत्ता शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग अंगठा कशाला, सहीच करते, कुठं करायची?